भिंतीला वळसा घालून आलेलं पाणी

माझ्या कार्डावर 'भूजल सल्लागार' असं छापलेलं आहे. मुळशी तालुक्यात मात्र गेली दहाएक वर्षं मला 'पाण्याची बाई' म्हणूनच ओळखतात. गावात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, आमच्या वावरात पानी कुटं लागंल तेवढं सांगा की." मी सांगते, ते माझं काम नाही. विहिरीत आधीच असलेलं पाणी कुठून आलं, कुठं चाललंय आणि जाताना बरोबर काय नेतंय, एवढंच मला सांगता येतं. यावर माणसं जरा हिरमुसतात. माल्याला, म्हणजे माझ्याच गावात, माझ्या चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी नुसतं मापायचंच काम व्हय?" व्हय म्हटलं, नुसतं मापायचंच.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. भूशास्त्र मी निवडलं असं म्हणता येणार नाही. रसायनशास्त्राच्या यादीत नाव लागलं नाही, या यादीत लागलं. वडिलांची पहिलं वर्षभर समजूत होती की मी भूगोल शिकतेय. दोनदा खुलासा केला, मग सोडून दिला. तिसऱ्या वर्षाला असताना पौड रस्त्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम मिळालं. तिथले सर पाण्याची तपासणी करत आणि सल्लाही देत. आधी बाटल्या धुतल्या, मग बाटल्या भरायला गावोगाव गेले, आणि पदवी मिळाल्यावर तिथंच राहिले. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे. पण एक गोष्ट आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

त्याआधी काम थोडं समजावून सांगते. विहिरीच्या काठावर एक खूण करायची आणि तिथून फीत खाली सोडायची. फितीच्या टोकाला शिशाचा, खालून पोकळ असा गोळा असतो. तो पाण्याला टेकला की आवाज येतो. तो आकडा वहीत लिहायचा. मग बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची, चिठ्ठी लावून बर्फाच्या डब्यात ठेवायची. अशा दहाबारा विहिरींच्या पातळ्या जमिनीच्या चढउताराशी जुळवून नकाशावर मांडल्या, की जमिनीखालचं पाणी कुठल्या अंगाला उतरतंय ते दिसतं. आमच्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पाणी बहुतेक मुरमातून आणि कातळाच्या वरच्या भेगांतून जातं. ते वाहत नाही, चालतं. तेही आजारी माणसासारखं, थांबत थांबत. पण थांबून राहत नाही.

कासार आंबोलीला एका निवृत्त अधिकाऱ्यांचा बंगला आहे. शनिवार-रविवार तिथं येतात. त्यांच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला आणि त्यांनी शेजारच्या गोठ्यावर अर्ज ठोकला. मी गेले तेव्हा शेजारी काठी घेऊनच उभा होता, म्हणाला, "आमच्या म्हशींचं नाव घालू नगा बाई. त्या तुमच्या सायबापेक्षा स्वच्छ हायेत." मी बंगल्याभोवती फिरले. बोअरच्या वरच्या अंगाला, पंधरा पावलांवर, सुंदर हिरवळीखाली संडासाची टाकी आणि तिचा शोषखड्डा होता. साहेबांना दाखवला. ते खरोखर चकित झाले. म्हणाले, "पण ती तर जमिनीखाली आहे ना?"

जमिनीखाली गेलं की विषय संपला, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. हसण्यासारखं काही नाही. माझं तर तेच शिक्षण, आणि मीही तशीच चुकले.

महाळुंग्याच्या आसपासचं गाव होतं. नाव लिहीत नाही, कारण तिथं आता बरीच कुटुंबं राहायला आली आहेत आणि या गोष्टीतलं काहीही त्यांनी केलेलं नाही. टेकडीच्या उतारावर खडीची जुनी, बंद पडलेली खाण होती. आजूबाजूला सोसायट्या उभ्या राहू लागल्या तसा त्यांचा कचरा ट्रॅक्टरनं त्या खाणीत पडू लागला. दोनतीन वर्षांत खाण भरत आली. कुणी ठरवून केलं नव्हतं. खड्डा होता आणि कचरा होता.

कचऱ्यावर पाऊस पडला की त्यातून चहाच्या रंगाचं पाणी झिरपतं. खाणीच्या तळाला भेगा होत्या, त्यातून ते मुरमात उतरलं. खाणीच्या खाली, नदीच्या अंगाला दोन विहिरी होत्या. त्यांच्या पाण्याला पिवळट रंग आणि वास आला. तेव्हा गावातल्या काही जणांनी मिळून आमच्या सरांकडून तपासणी करून घेतली. विहिरी फिरण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल.

तिथंच तात्यांची ओळख झाली. तात्यांची विहीर खाणीच्या खाली नव्हती, पूर्वेला, बाजूला होती. वावराच्या कडेला त्यांनी दहा खोल्या काढून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्या होत्या. त्या खोल्यांना आणि घरालाही पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. मी फीत सोडत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले.

"कुटली गं तू?"

"माल्याची."

"मालं? मग आमच्यावानी बोल की. मघाधरनं पुस्तकातलं बोलतीयास."

तेव्हापासून मी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलायला लागले. तपासणी आली. खालच्या दोन विहिरी खराब, तात्यांची उत्तम. माझ्या नकाशावर मी त्या दोघींना लाल ठिपके दिले आणि तात्यांच्या विहिरीला निळा.

अहवाल इंग्रजीत होता. तात्या म्हणाले, "ह्यातलं मला काय कळायचं? आपल्या भाषेत लिवून दे." मला फार बरं वाटलं. ज्यांच्यासाठी शिकलो त्यांच्या भाषेत लिहायचं, असं काहीसं तेव्हा मनात होतं. प्रयोगशाळेच्या कागदावर मी मराठीत लिहून दिलं, 'आपल्या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे', आणि खाली पहिल्यांदाच माझी सही केली. इंग्रजी नमुन्यात शेवटी एक ओळ असते, हा निष्कर्ष त्या दिवशी घेतलेल्या नमुन्यापुरताच आहे, अशी. ती मी गाळली. मला ती वकिली वाटली. आपल्या माणसाला असं कशाला लिहायचं, त्याला उगाच शंका येईल, असा विचार केला. तात्यांनी तो कागद लॅमिनेट करून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर ठोकला. नवीन भाडेकरू आला की आधी कागद दाखवायचे, मग खोली.

वर्ष-दीड वर्षानं खाण आणि त्या दोन खराब विहिरी यांच्यामधल्या जागेवर मोठी इमारत सुरू झाली. गाड्यांसाठी खाली दोन मजले खोदायचे होते. खोदताना पाणी लागलं, आणि त्याला वास होता. रात्रंदिवस पंप लावून ते पाणी ओढ्यात सोडत. तळघरं कोरडी कशी ठेवायची हे विचारायला बिल्डर सरांकडे आला. पुन्हा मीच तिथं गेले, हेल्मेट घालून, शिडीनं खाली उतरून. मुरूम किती खोल, कातळ कुठून सुरू, पाणी कुठल्या बाजूनं येतंय, सगळं लिहून आणलं. त्या कामाचा मला अभिमान होता. माल्याची मुलगी एवढ्या मोठ्या खड्ड्यात उभी राहून इंजिनिअरांना सांगतेय, असं सारखं वाटायचं.

बैठक झाली. मूळ आराखड्यात तळघराच्या भिंतीबाहेर खडीनं भरलेली चर होती. पाणी भिंतीला येऊन टेकलं की त्या चरीत उतरावं आणि तिथून उपसावं, अशी सोय. साइटचे इंजिनिअर म्हणाले, "सर, ही चर ठेवली तर घाण पाणी रोज उपसावं लागणार. सोडायचं कुठं? त्यापेक्षा भिंतच थेट कातळात नेऊ, सांधे बुजवू. पाणी आलंच नाही पाहिजे."

सर विचार करत होते. त्यांनी मला विचारलं, "सुनंदा, आसपास कुणाच्या विहिरी आहेत?"

मी नकाशाकडे पाहिलं आणि म्हटलं, "खाली दोन आहेत. दोन्ही आधीच खराब आहेत."

हे खरं होतं. चर रद्द झाली. खाणीसमोर आडवी, चांगली लांब भिंत कातळापर्यंत गेली. पंप बंद झाले. तळघर इतकं कोरडं निघालं की इंजिनिअरांनी पेढे पाठवले. खालच्या दोन विहिरीही हळूहळू सुधारल्या, कारण घाण पाणी आता त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्यातल्या एका विहिरीच्या मालकानं मला रस्त्यात थांबवून नमस्कार केला. तोही मी घेतला.

पुढच्या एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत फोन आला. तात्यांच्या खोलीत राहणारा लातूरचा प्रशांत बोलत होता. "मॅडम, इथल्या सर्टिफिकेटवर तुमची सही आहे. नंबरही त्यावरच मिळाला. पाण्याला टेस्ट वेगळी येतेय. आम्ही मालकांना बोललो तर ते कागद दाखवतात."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तात्या खुशीत होते. खोल्या आता पंधरा झाल्या होत्या आणि मागच्या वावरात उन्हाळी काकडी लावली होती. विहिरीकडे बोट करून म्हणाले, "बघ. चैतात एवढं पानी माज्या बापानं बघितलं न्हवतं."

मी फीत सोडली. तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा पाणी दोन पुरुष उंचीनं वर होतं. भर उन्हाळ्यात. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा एक छोटा मीटर माझ्याकडे असतो, तो बुडवला. आकडा वाचला, मीटर पुसला, पुन्हा बुडवला. तोच आकडा, पूर्वीच्या कितीतरी पट. स्वयंपाकघरातून हौसाकाकू, तात्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. "डाळ शिजंना झालीया बाई," त्या म्हणाल्या. "मी आपली डाळीला नावं ठिवत बसले. दोन दुकानं बदलली."

नमुना तपासायला दोन दिवस लागणार होते. पण थांबायची गरज नव्हती.

"तात्या, हे पानी आजपासनं प्यायचं न्हाई."

"का? पानी तर वाढलंया."

"वाढलंया म्हनूनच."

तात्यांनी दारावरच्या कागदाकडं पाहिलं. "मग हे काय हाय? तवाचं खरं का आत्ताचं खरं?"

"दोन्ही खरं."

"असं कुटं असतंय व्हय?"

मी भिंतीचं, मुरमाचं, कातळाचं सांगू लागले. कॉलेजात शिकवतात तसं सांगत होते, हे मलाच ऐकू येत होतं. तात्यांचं लक्ष काकडीकडं. मोटार चालू होती आणि सरीतलं पाणी वाफ्यात घेण्यासाठी त्यांना दारं धरायला जायचं होतं. मी त्यांच्यामागून गेले. वाहत्या सरीत एक ढेकूळ आडवं टाकलं, मग दुसरं. पाणी थांबलं, मागं तुंबलं, वर चढलं, आणि सरीच्या कडेनं शेजारच्या वाफ्यात शिरलं.

तात्या बघत राहिले. दारं धरण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"म्हंजी त्या बिल्डरनं खाली माती लावली," ते म्हणाले, "आन् खानीच्या पान्याचं दारं माज्याकडं मोडलं."

"व्हय."

"त्याला ती माती लाव म्हनून कुनी सांगितलं?"

मला वाटलं होतं हा प्रश्न येणार नाही. "आमीच," मी म्हटलं. "आमच्या सायबांनी इचारलं व्हतं, आसपास हिरी कुनाच्या हायेत. मी तुमची सांगितली न्हाई."

"का?"

"तुमचं पानी चांगलं व्हतं म्हनून."

तात्या मला रागावले नाहीत. त्यांनी वाकून सरीतली ढेकळं काढली. घराशी आलो तर काकूंच्या कडेवर वर्षाच्या आतला नातू होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्याच्या वरच्या दुदात हेच पानी घालतो आमी. दोन म्हैनं झालं. ह्याला काय हुईल?"

अशा पाण्यातल्या नायट्रेटनं तान्ही मुलं निळी पडतात, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "काकू, आत्ता डाक्टरकडं जाऊ." गेलो. प्रशांतनं गाडी काढली. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ओठ-नखं पाहिली, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मूल ठीक आहे, पाणी मात्र ताबडतोब बदला. त्या एका दिवसाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

प्रयोगशाळेत जाऊन मी सरांना सगळं सांगितलं, मराठी कागदाचंही. त्यांनी नकाशा पुढं ओढला. म्हणाले, "मी विचारलेल्या प्रश्नाचं तू उत्तर दिलंस. भिंत बांधल्यावर पाणी कुठं जाईल, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. हा नकाशा भिंतीच्या आधीचा आहे. भिंतीनंतरचा आपण काढलाच नाही." मग बिल्डरला पत्र लिहिलं, दोघांच्या सहीनं.

बिल्डरच्या इंजिनिअरांना पटायला वेळ लागला. "मॅडम, तुम्हीच सांगितलेली भिंत आहे. एक थेंब आत येत नाही." पण मागं तुंबलेलं पाणी भिंतीवर रेटत होतं, आणि पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या सांध्यांना ओल आली. त्यानंतर काम हललं. भिंतीच्या मागं तीन बोअर घेतल्या, त्यातून पाणी उपसून ते साफ करायची टाकी बांधली. जी चर गाळून खर्च वाचवला होता, तिचंच काम पुन्हा महागात करावं लागलं. यात तात्यांच्या विहिरीची काळजी किती आणि गाड्यांची किती, हे मी विचारलं नाही. खाणीत कचरा टाकणं गावानं आधीच बंद केलं होतं. पण पडलेला तिथंच आहे. तो अजून बरीच वर्षं झिरपेल.

तात्यांनी गावाच्या योजनेतून नळ घेतला. नळ येईपर्यंत प्रशांत आणि त्याची खोलीतली मुलं कामावरून येताना कॅन भरून आणत, घरच्यांसाठीही. नव्या पाच खोल्यांपैकी तीन बरेच दिवस रिकाम्या होत्या. दारावरचा कागद काकूंनी काढला. पुढचे काही महिने मी गेले की चहा त्यांच्या नाही, सुनेच्या हातून यायचा.

त्या विहिरीला मी दर दोन महिन्यांनी जात राहिले. ते कामात धरलेलं नव्हतं, सरांनी कधी हटकलं नाही. पहिल्या वर्षी पाण्याची पातळी उतरली, क्षार तसेच. दुसऱ्या वर्षी ते कमी व्हायला लागले. मागच्या उन्हाळ्यात पूर्ण तपासणी केली. सगळे आकडे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत होते. पूर्वीइतके चांगले नव्हते, पण मर्यादेत होते. मी ते सांगायला गेले.

काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मोठा झालेला नातू त्यातल्या खात होता. तात्यांनी आकडे ऐकून घेतले. मग विहिरीवर गेले, पोहरा सोडला, तांब्या भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"पी," म्हणाले.

मी तांब्या उचलला आणि प्यायले. सगळा. पाणी गार होतं, चवीला किंचित जड.

"लिवून दे मग," तात्या म्हणाले. "त्येच जुनं. पिन्यास योग्य."

"न्हाई तात्या. प्यायला नळाचंच ठेवा. हे काकडीला वापरा, धुन्याला वापरा."

"आत्ता माज्या म्होरं पिलीस की. सोता प्यायचं आन् आमाला नगं म्हनायचं?"

"मी एक तांब्या पिले. तुमास्नी वरीसभर प्यायचं हाय, आन् ह्या पोराला."

तात्यांनी तोंड वाकडं केलं. कागद मिळणार नाही हे त्यांना आवडलेलं नव्हतं, ते दिसत होतं. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उठल्या.

"बस खाली," त्या मला म्हणाल्या. "नळाचं पानी ठिवते चहाला."